टाकीवरचं चिलट

गाडी आणून चौथा दिवस. सुट्टी व्हती, म्हणलं पेट्रोलच्या टाकीवरचं हळद-कुंकू आता पुसून काढावं. बादली घेतली, बायकोची जुनी ओढणी घेतली आन् अंगणात बसलो. कुंकू गेलं, स्वस्तिक गेलं, आन् त्याच्या खालनं एक ठिपका निघाला. तिळाएवढा, निळ्या टाकीवर काळा. पुसला, जाईना. थुंकी लावली, जाईना. शांपूनं घासला, तरी बेटा जागचा हलंना.

माझा सोभाव तुमाला सांगून ठेवतो. भाजी खारट झाली तर मी गुमान खाईन, पण गाडीला ओरखडा आलेला मला खपत न्हाय. कळसवरनं बारामतीला कंपनीत रोज जातो-येतो. जुनी गाडी बारा वर्षं वापरली, तरी घेणारा म्हणला, "सोपानराव, ही वापरली कधी?" आन् आता ही नवीकोरी, हिच्यावर चौथ्याच दिवशी डाग!

माझे चुलते आबासाहेब ओट्यावर तंबाखू मळत बसले व्हते. ते उठून आले, चष्मा वर-खाली करून बघितलं आन् म्हणले, "हा नारळाचा ठोका हाय. करवंटी उडाली असंल. तरी मी त्या दिशी म्हणत व्हतो, बाईमाणसानं नारळ फोडू नये. त्यातनं आमच्या वैनी..."

त्यातनं काय, ते त्यांनी सांगितलं न्हाय. पण आत आई भाकरी थापत व्हती, तो आवाज थांबला.

खरं सांगायचं तर नारळ मीच आईच्या हातात दिला व्हता. वडील गेले तवा मी सहावीत. राहिलेली मेंढरं इकून, लोकांच्या रानात खुरपून तिनं मला आयटीआय शिकवलं. म्हणून गाडी बुक केली त्याच दिवशी मनाशी ठरवलं, नारळ फोडंल तर आईच. दारात सगळी भावकी उभी असताना तिच्या हातात नारळ ठेवला. ती आधी घाबरली. मग पुढच्या चाकापाशी दगडावर असा आपटला की एका घावात दोन भकलं. त्या दिवशी जेवताना सुदीक ती एकटीच हसत व्हती.

आन् आता ठिपका बघून माझं डोकं फिरलं. अंगणातनंच वराडलो, "आये, एवढ्या जोरात आपटायला तुला कुणी सांगितलं व्हतं?"

ती पिठाच्या हातानं दारात आली. लांबनंच टाकीकडं बघितलं. "चुकलं बाबा," म्हणली आन् आत गेली.

पुढच्या रविवारी तिला गाडीवर भिगवणला न्यायचं ठरलं व्हतं, म्हाळसामावशीकडं. तिची धाकटी बहीण. मावशीला तिनं आठ दिवस आधीच सांगून ठेवलेलं, पोराच्या नव्या गाडीवर येते म्हणून. आन् त्याच दुपारी मी तिला फोनवर बोलताना ऐकलं, "न्हाय गं जमायचं. गुडघा धरलाय माझा." गुडघ्याला काय झाल्तं? सकाळीच हौदावरनं दोन हंडे आणले व्हते तिनं.

वाईट वाटलं. पण कबूल करायला तोंड उचकटंना. मग गप आपला ठिपका बघत बसलो, आन् बघता बघता मला येगळीच शंका आली. करवंटी लागली म्हणावं तर टाकीला टवका उडायला पायजे, नख अडकायला पायजे. मी नख फिरवलं. ते काचेवरनं सरकावं तसं सरकलं. परत फिरवलं. डोळं मिटून फिरवलं. ठिपका कुठं हाय तेच कळंना! डाग हाय आन् हाताला न्हाय, ही काय भानगड?

बायको, स्वरूपा, म्हणली, "सरका, मी फोटो काढते." तिनं फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला, आन् वराडलीच, "अहो, ह्याला पाय हायेत!"

दोघं मोबाईलला डोकं लावून बसलो. पाच पाय मोजले, सहावा दिसंना. एक पंख बी व्हता, मोडलेला.

"डास असंल."

"डास केवढा असतो! हे चिलट हाय."

"मग ते आत गेलं कुठनं?"

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "शोरूमवाल्यालाच इचारा."

दुसऱ्या दिवशी कामावरनं सुटलो तो थेट शोरूमला. तितं मागं रंगकाम बघणारे अप्पा हायेत, डोक्याचे केस पिकलेले. त्यांनी माझं नारळाचं ऐकून घेतलं, भिंग लावून बघितलं आन् हसायलाच लागले. "सोपानराव, हे चिलट बसलं वल्या रंगावर. त्याच्यावर चकाकीचा पारदर्शक हात बसला, आन् हे आत कोंडलं. झालं ते कंपनीतच. तुमचा नारळ लागला असता तर रंग उडाला असता. अर्ज द्या, टाकी बदलून मिळंल."

वाटंतलं जळोची गाव मागं पडंपर्यंत मी गाडीवर एकटाच हसत व्हतो. घरी आल्या आल्या पयला फोटो आबांच्या नाकासमोर धरला. "बघा तुमची करवंटी! पाय मोजा तिचे!"

"असंल, असंल," आबा म्हणले. "पण रीत ती रीत."

आई आत मेथी निवडत बसली व्हती. म्हणलं, "आये, तुझा काय बी दोष न्हाय! चिलट निघालं!" सगळं सांगितलं. तिनं पदरानं चष्मा पुसला, फोटो लई येळ बघितला.

"बिचारं," म्हणली. "केवढ्या लांबनं आलं बघ." मग मोबाईल माझ्या हातात दिला. "आन् सोपाना, हे चिलट निघालं नसतं तर?"

"म्हंजे?"

"माझ्याच हातानं ठोका बसला असता तर?"

ती परत मेथी निवडायला लागली. मला माझीच लाज वाटली, एवढी की त्या रात्री जेवण गोड लागलं न्हाय.

पंधरा दिवसांनी टाकी बदलून मिळाली. जुनी टाकी चिलटासंगट कंपनीला परत गेली. नव्या टाकीची पूजा परत मांडली. हळद-कुंकू झालं, हार झाला. नारळ काढला तवा आबांनी आपणहून हात पुढं केला.

मी नारळ आईपुढं धरला. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "नगं रं. भावजींना दे."

"आबांना खोबरं देऊ. फोडायचा तू. आन् मागल्यासारखाच, जोरात."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, नारळ घेतला आन् आपटला. पाणी उडालं, भकलं झाली आन् करवंटीचा एक तुकडा जाऊन टण्णदिशी पुढच्या मडगार्डवर बसला.

आबा वाकले. "हे बघ! गेला रंग. आता म्हण चिलट हाय!"

खोटं कशाला बोलू, टवका लांबनं दिसत व्हता, चांगला करंगळीच्या नखाएवढा. आई मडगार्डकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत व्हती.

"जाऊ द्या आबा," म्हणलं, "खोबरं खावा." आन् गाडी चालू केली. "आये, बस. मावशीला फोन लाव, गुडघा बरा झाला म्हणावं."

भिगवणला पोचलो तवा मावशी दारातच उभी व्हती. गाडीभोवती फिरली, टाकी बघितली, सीट दाबून बघितली, आन् मडगार्डपाशी थांबली. "अगं बया! नव्या गाडीला हे काय लागलं?"

मी तोंड उघडायच्या आत आई गाडीवरनं उतरली, पदर सारखा केला आन् हसून म्हणली, "माझा नारळ लागला."