सील ठोकलेल्या बसचं गाऱ्हाणं

मी बस बोलतेय. ग्वाटेमालातल्या एका सरकारी आवारात, दारावर कोर्टाचं सील घेऊन मी चिखलात उभी आहे. माझ्या सीटांवर कोंबड्या झोपतात. माझं ऐकायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

मी जन्मले उत्तरेला, शाळेची पिवळी बस म्हणून. म्हातारी झाले तशी तिकडच्यांनी लिलावात काढली. हाल सोसत मेक्सिको ओलांडून आले आणि एल्फेगोने मला घेतलं. घेतलं म्हणजे काय, त्याच्या बायकोने, मातिल्देने, बापाकडून आलेलं मक्याचं शेत त्यासाठी विकलं. एल्फेगोने मला लालहिरवा रंग दिला आणि माझ्या कपाळावर कौतुकाने तिचं नाव लिहून घेतलं. सुरुवातीला तीच दारात उभी राहून भाडं गोळा करायची. फुकट्यांची तिच्यापुढे डाळ शिजायची नाही.

पुढे एल्फेगो शेजारच्या गावात दुसऱ्या बाईकडे राहायला गेला. मातिल्देने कोर्टात घटस्फोट आणि निम्मा वाटा मागितला. त्याबरोबर कागदावर मी त्याच्या थोरल्या भावाची, तिबुर्सियोची झाले. तिचं नाव खरवडून तिथे 'देवाची देणगी' असं रंगवलं. तिबुर्सियोला गाडी चालवता येत नाही. घाट लागला की तो पिशवीत तोंड खुपसून ओकतो. असा हा माझा मालक!

तारखेला एल्फेगो मलाच घेऊन कोर्टात यायचा आणि खिडकीखाली उभी करायचा.

"बाईसाहेब, मी पगारी ड्रायव्हर. बस दादाची. माझ्याकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही."

"मग मी शेत काय याच्या दादासाठी विकलं?" मातिल्दे विचारायची.

न्यायाधीश बाई कागद बघायच्या. कागदावर तिबुर्सियो. झालं, पुढची तारीख. माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाहेर येऊन माझ्या स्टिअरिंगवर कोणाचे हात घासलेत ते बघा की! पण हॉर्न वाजवायलासुद्धा मला माणूस लागतो.

मग ड्रायव्हरांचा सण आला. त्या दिवशी चर्चपुढे साऱ्या बस फुलं लावून उभ्या राहतात. मालक बॉनेटवर हात ठेवतो आणि फादर पवित्र पाणी शिंपडतात. आमच्या गावातल्या ड्रायव्हरांची पक्की समजूत आहे की भलत्याने हात ठेवला तर वर्षाच्या आत गाडी दरीत जाते.

"मालकाने पुढे यावं," फादर माइकवर म्हणाले.

नवी टोपी घालून तिबुर्सियो पुढे सरसावला. एल्फेगोने त्याचा दंड धरून मागे ओढलं.

"दादा, हो बाजूला. घाटातून रोज मी जातो. मरायचंय का मला?"

माइक चालूच होता. एल्फेगोने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. गर्दीत मातिल्दे उभी होती. तिने आपल्या वकिलाला कोपराने ढोसलं.

पुढच्या तारखेला कोर्टात फादरची साक्ष झाली. त्यांच्यासमोर एल्फेगोला खोटं बोलवेना. मला विकून निम्मे पैसे मातिल्देला द्यावेत, असा निकाल लागला. वाटलं, सुटले एकदाची. पण तिबुर्सियोने वरच्या कोर्टात अपील केलं आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मला इथे आणून सील ठोकलं.

आता खरं दुखणं सांगते. दर रविवारी दुपारी, राखणदार फुटबॉलची मॅच बघत असतो तेव्हा एल्फेगो मागच्या भिंतीवरून येतो. राखणदाराच्या हातात बाटली ठेवतो. माझी बॅटरी गेली, डिझेलचा पंप गेला, परवा गिअरबॉक्स गेला. सगळं तिबुर्सियोच्या नावावर घेतलेल्या दुसऱ्या बसला लागतंय. दारावरचं सील मात्र जसंच्या तसं आहे.

गुरुवारी बाजार उरकून मातिल्दे येते. शालीच्या टोकाने माझी काच पुसते, चारी टायरना हात लावून बघते.

"आहे बाई माझी बस धडधाकट," ती राखणदाराला सांगते. "थांबेन मी. निकाल लागेल तेव्हा लागेल."

राखणदार मान डोलावतो. ती समाधानाने घरी जाते, आणि मला ओरडताही येत नाही. अगं मातिल्दे, तुझं शेत हप्त्याहप्त्याने भिंतीवरून चाललंय. काच कसली पुसतेस? एकदा बॉनेट उघड.