नावाआधीचा खळगा

मित्रांनो, गडमुडशिंगीच्या शाळेसमोर उभा असलेला काळा दगड म्हणजे मी. वय फार नाही, सात वर्षांचंच. पण ऊन आणि धुळीनं मला पार म्हातारं करून टाकलंय. माझ्या अंगावर हवाई दलाच्या तीन जवानांची नावं आहेत. त्यांचं विमान डोंगरांवरून जाताना नाहीसं झालं. विमान सापडलं नाही आणि माणसंही नाहीत.

मला घडवलं आकाराम पाथरवटानं. अक्षर देखणं, पण जन्मभर गेलेल्या माणसांचीच नावं कोरलेली. त्यामुळे तिन्ही नावांआधी त्यानं झोकात 'कै.' कोरलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दगडच मी!

अनावरणाला पाहुणे जमले, पडदा सरकला आणि त्या तिघांतल्या उदयसिंहच्या आई, तानाबाई, पुढे आल्या. त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"आकाराम, ह्ये कै. कुणाला इचारून लिवलंस? माझ्या पोराला बघून आलायस व्हय?"

आकारामची मान खाली गेली. "चुकलं, आक्का. हात सवयीनं चालला."

"मग त्याच हातानं काढ की!"

पाहुणे ताटकळले. आकारामनं तिथंच छिन्नी चालवली. मला फार दुखलं, पण तक्रार करावीशी वाटली नाही. तेव्हापासून प्रत्येक नावाआधी एक खळगा आहे.

दर सोमवारी तानाबाई येत, पदरानं धूळ पुसत. कुणी हार आणला की म्हणत, "हार गेलेल्यास्नी घालत्यात. ठेव तुझ्यापाशी." बाकी गाव मला विसरलं. वाढदिवसाचे फलक माझ्याच गळ्यात बांधून नावं झाकली. राग यायचा, अजूनही येतो.

गेल्या श्रावणात तानाबाई वारल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावकीनं शेत सांभाळायचा शब्द दिला, म्हशींचा दिला. कावळा लांबच बसून राहिला. शेवटी लेक संयोगिता हात जोडून म्हणाली, "आई, दादाची वाट आता मी बघीन की. न्हाय सोडायची." मग कावळा शिवला. सुतक फिटल्यावर माझी धूळ पुसताना तिनंच हे मला रडत रडत सांगितलं.

मित्रांनो, शाळेत जाता येता क्षणभर थांबा. फलक दिसला तर सोडून ठेवा. हार नकोच. तिन्ही नावं मोठ्यानं वाचा, घरातल्या माणसाला हाक मारता तशी. संयोगितानं आईला शब्द दिलाय, आणि वाट बघायला ती एकटीच उरली आहे.