कारणाचा रकाना

तोरण भैया घरी आले तेव्हा नीलिमा गच्चीवर वड्या वाळत घालत होती. खालून सासूबाईंनी, शांताबाईंनी, हाक मारली, "वो नीलिमा, अध्यक्षसाहेब आले!" आणि ती पदराला हात पुसत खाली आली.

बारा वर्षं तोरण भैया पक्षाचे ब्लॉक अध्यक्ष होते. नीलिमा सतरा वर्षं त्याच पक्षासाठी गुढ़ियारीच्या गल्ल्या तुडवत होती. मतदारांच्या पर्च्या वाटायच्या, बायांची राशनकार्डं करून द्यायची आणि सभेत मागे सतरंजीवर बसायचं. यंदा अध्यक्ष गुप्त मतदानानं निवडायचं पक्षानं ठरवलं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया मागे लागल्या म्हणा, की तिलाच आतून वाटलं म्हणा, परवा तिनं अर्ज भरला होता. भैयांच्या विरोधात तेवढा एकच अर्ज.

भैया मिठाईचा डबा घेऊन आले होते. शांताबाईंच्या पाया पडले, चहा मागून घेतला. अर्जाचा शब्दही काढला नाही. उठता उठता मात्र म्हणाले, "सोनिया बिटिया पंडरी जाती है ना, कोचिंग? पाँच बजे छूटती है. ऑटो बदलना पड़ता है बेचारी को. ज़माना खराब है, दीदी."

एवढंच बोलले आणि हसत हसत गेले.

नीलिमानं कपबशा उचलल्या आणि तशाच परत खाली ठेवल्या. पोरीची सुटायची वेळ तिनं कोणाला सांगितली होती? ऑटो बदलावा लागतो हे यांना कसं कळलं?

तिचा नवरा यशदीप रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता. ड्यूटीवरून आल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

"ठाण्यात रिपोर्ट तरी काय देशील?" तो म्हणाला. "त्यानं धमकी कुठी देल्ली? पोरीची विचारपूस केली." मग आवाज खाली आला. "काढून घे नाव. एकच पोट्टी आहे आपल्याले."

दुसऱ्या दिवसापासून नीलिमा साडेचारलाच पंडरीत जाऊन कोचिंगसमोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागली. मोटारसायकल थांबली की ती उठून उभी राहायची. कोणी नुसतं घड्याळ पाहिलं तरी तो माणूस पोरीच्याच वाटेवर आहे असं वाटायचं. सोनिया वैतागली.

"मम्मी, रोज़ क्यों आ जाती हो? सब हँसते हैं मेरे पे."

"मले काम होतं इकडे."

चौथ्या दिवशी पाच वाजले, सव्वापाच झाले. सगळ्या पोरी निघून गेल्या. सोनिया दिसेना, फोन उचलेना. नीलिमा जिना चढून वर गेली, वर्ग रिकामा. खाली आली, नाक्यापर्यंत धावली, परत आली. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून सोनिया झेरॉक्सचे कागद चाळत आली. नीलिमानं भर रस्त्यात तिचं मनगट धरलं ते घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

नाव मागे घ्यायचं, तिनं ठरवून टाकलं.

मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. तात्यापाऱ्यातल्या पक्षाच्या कार्यालयात नागपूरहून आलेले निरीक्षक अनंतराव टेबलामागे बसले होते. बाजूच्या खुर्चीत तोरण भैया. तिला बघताच त्यांनी स्वतःचा पेन पुढे केला.

छापील कागदावर नाव, वॉर्ड आणि खाली एक रकाना: माघारीचं कारण.

"घरगुती कारण लिहा," अनंतराव म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

नीलिमानं 'घर' लिहिलं आणि पेन थांबला. घरात कुठं काय झालं होतं? शांताबाई ठणठणीत होत्या, यशदीपची नोकरी चालू होती, पोरगी अभ्यास करत होती. तिनं ते खोडलं. तिनं लिहिलं: मले भीती वाटून राहिली. तोरण भैया घरी येऊन माझ्या पोरीची सुटायची वेळ सांगून गेले.

अनंतरावांनी वाचलं, चष्मा काढला. "बाई, हे असं नाही चालत. दुसरा कागद घ्या."

"काहून? कारणच विचारलं ना जी तुम्ही?"

"दीदी मज़ाक कर रही हैं," भैया म्हणाले, पण आता हसत नव्हते.

"मग हेच घ्या. खोटं लिहून सही नाही करत मी."

अनंतरावांनी कागद ना घेतला, ना फाडला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले; तिचं नाव यादीत तसंच राहिलं. सही न झालेला कागद नीलिमानं घडी घालून पर्समध्ये ठेवला. कठडा धरून ती जिना उतरली. हे काय करून बसलो आपण?

सोनियाला तिनं त्याच संध्याकाळी आत्याकडे भिलाईला पाठवून दिलं. मतदान रविवारी झालं. त्रेसष्ट मतं होती. भैयांना चौतीस, नीलिमाला एकोणतीस. तिच्या अर्जावर समर्थकांच्या सह्या फक्त दहा होत्या, त्यातलेही तिघं नंतर तिला ओळख दाखवेनासे झाले होते. मग हे बाकीचे कोण? ती चेहरे शोधत राहिली, पण सगळे खाली बघत होते. तिला कळलं, भिणारी ती एकटीच नव्हती.

सोमवारी सोनिया परत आली. आत्यानं तिला सगळं सांगून टाकलं होतं. पोरगी रागानं लाल झाली होती.

"मेरी बात थी, और मुझे ही नहीं बताया?"

"तू भिऊन जाशीन म्हणून."

"अब मैं डर नहीं रही क्या? वो कागज़ कहाँ है?"

दुपारी दोघी ठाण्यात गेल्या. यशदीप नको नको म्हणत सुट्टी टाकून मागोमाग आला आणि दाराशी उभा राहिला. तक्रारी लिहिणाऱ्या हवालदारानं, मुन्शीनं, वही उघडली आणि विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध? बाकावरची अनोळखी माणसंही मान वळवून बघायला लागली. नीलिमानं टेबलाची कड धरली आणि तोरण भैयांचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

"ज़ोर से बोलिए," मुन्शी म्हणाला.

तिनं परत सांगितलं.