डोलिना की मूरयल

आमच्या लुईस बेटावर पहिल्या नातवंडाला आजोबांचं नाव देतात. मुलगी झाली तर त्याच नावाच्या आमच्या गेलिक भाषेतल्या उच्चाराला शेपूट लावायचं. आमचे बाबा डोनल, तेव्हा माझ्या भावाच्या मुलीचं नाव डोलिना होणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. भावजय पेगीला मात्र 'मूरयल' हवं होतं. चमकता समुद्र, असा त्याचा अर्थ. सासऱ्यांशी काय बोलायचं ते ती तीन महिने माझ्यापुढे घोकत होती.

बाळाला बघायला बाबा आले तेव्हा पेगी खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "बाबा, नावाचं जरा बोलायचं होतं."

"मलाही," बाबा म्हणाले. "पोरीच्या गळ्यात माझं नाव नको बांधूस, बाई. शाळेत आम्ही सहा डोनल होतो. एकाने खोडी काढली की छड्या सहाही जणांना. शिवाय अर्थ काय, तर जगावर राज्य करणारा. इथे माझा मेंढासुद्धा माझं ऐकत नाही."

भाऊ हसायला लागला. पेगी हसली नाही.

"म्हणजे तुम्ही अजिबात भांडणार नाही?"

"कशाला भांडू?"

ती हिरमुसली. एवढं पाठ केलेलं सगळं वाया जात होतं. "निदान ऐकून तरी घ्या," ती म्हणाली.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, चहा मागवला आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या समाधानासाठी मध्येच दोनदा "छे, हे चालायचं नाही," असंही म्हणाले.

रविवारी बाळाचं नाव मूरयल ठेवलं.