एका घासाचं आयुष्य

मी एक जुनं विकर, म्हणजे एन्झाइम आहे, असं काही मला म्हणता येणार नाही, मित्रांनो. माझं वय ते काय! एका घासाएवढं. नाव मात्र भारदस्त: अमायलेज.

किल्ल्या बनवणाऱ्या एका आजोबांच्या कानापुढच्या लाळग्रंथीत माझा जन्म झाला. प्रथिनाचा लांब धागा वळला, दुमडला आणि मधे एक खाच उरली. तीच माझं हत्यार. कानाच्या शेजारीच घर, त्यामुळे बाहेरचं सारं ऐकू येई. आजोबांचा ताप उतरला होता, पण तीन दिवस ते अन्नाला शिवले नव्हते.

"आप्पा, संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाहीत, तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणालेत डॉक्टर," सून सांगत होती.

"ठेवा. तिथला पाव तरी भुशासारखा लागत नसेल."

"आजोबा, गिळायचाच नाही," नात मधेच म्हणाली. "चावत राहायचं. गोड होतो."

"साखर लपवलीस काय गं त्यात?"

"साखर तुमच्याच तोंडात होते! लाळेतलं विकर करतं. तुमच्या किल्लीसारखंच असतं ते, एकाच कुलपाला लागतं."

"अस्सं? मग बसव की त्याला माझ्या दुकानात!"

आजोबा हसले, आणि तेवढ्यात तिने पावाचा तुकडा आत सरकवला.

लाळेच्या ओघात मीही उडी घेतली. पावातलं पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. साखळीत असेतो चव नाही. एक दुवा खाचेत धरायचा, तोडायचा, सोडायचा, की पुढचा. माझ्यावाचून ती वर्षानुवर्षं तशीच राहिली असती. कात्रीची धार जाते. मी मात्र तोडून तोडून जसंच्या तसं.

नात आकडे मोजत होती. पंचवीस... तीस... आजोबांचा जबडा दमला. आता गिळतात की थुंकतात, या धास्तीने मी दुव्यामागून दुवे तोडले. अडतीसला जबडा थांबला.

"अगं, खरंच की! गोड लागतोय."

आणि घास खाली उतरला.

इथे पोटात आम्ल असतं. त्याने माझी घडी उलगडेल, खाच मोडेल. मग माझेही तुकडे होतील आणि त्यांतून हे शरीर नवं काही विणेल. आम्ल घासाच्या कडेपर्यंत आलंय. वाईट वाटत नाही. मागणं एवढंच, मित्रांनो: घास घाईने गिळू नका. तोंडातला तो थोडासा वेळ, तेवढंच आमचं आयुष्य.

थांबा, वरून काहीतरी मऊ, कोमट येऊन टेकलंय.

पाव आहे. चांगला चावलेला.