नकोबाने काढलेली सावली

या, असे जवळ सरका. एका नकोबाची गोष्ट सांगतो; ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल.

निवृत्त आरेखकाने नगरपालिकेतल्या सुनावणीच्या टेबलावर नकाशा उलगडला, तशी मागच्या बाकावरून कुजबुज आली, “आले नकोबा!” ‘काय हवं ते बांधा, पण आमच्या दारात नको’ म्हणणाऱ्यांना सगळं गाव नकोबा म्हणे, आणि आरेखकाच्या गल्लीत सध्या घरटी एक नकोबा होता.

त्याच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेवर चार मजली दवाखाना होणार होता. त्याचं दवाखान्याशी वाकडं नव्हतं. पण दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या बायकोला खिडकीतून सकाळचं ऊन मिळे, आणि दिवसातला तेवढाच तास ती बोले. त्याने नकाशावर पट्टी लावून सावली काढली होती. ती थेट तिच्या उशीवर पडत होती.

“इमारत माझ्या खिडकीसमोर, आणि बाग पलीकडच्या टोकाला! तिथे चिटपाखरू राहत नाही.” तो नकाशावर बोट आपटत म्हणाला.

“बोला भाऊ, सोडू नका!” शेजारच्या शिंपीणकाकूंनी मागून जोर दिला.

टेबलापलीकडच्या तरुण इंजिनियर मुलीने नकाशा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. उठून तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

“काका, इथे उजेड कमी आहे. जरा फिरवते हं,” म्हणत तिने कागद अलगद उलटा फिरवला.

कोपऱ्यातला उत्तरेचा बाण आता वर गेला. चाळीस वर्षं त्याच्या प्रत्येक कागदावर उत्तर वरच असायची; या नकाशात ती खाली छापली होती. बाण बघायची त्याला सवयच नव्हती. इमारत पलीकडच्या टोकाला होती. खिडकीसमोर बाग होती.

तो हळूच खुर्चीत टेकला. पाणी प्यायला. पेला रिकामा झाला तरी ओठांशीच राहिला.

“मी आक्षेप मागे घेतो.”

“अहो, आम्हा सगळ्यांना नकोबा करून ठेवलंत, आणि आता?”

“चूक माझी आहे, काकू. नकाशा मी उलटा वाचला.”

शिंपीणकाकूंचा चढलेला आवाज एकदम खाली आला. “म्हणजे वहिनींचं ऊन?”

“राहतंय.”

“मग बसलात काय? घरी जाऊन सांगा त्यांना! इथवर तीन जिने चढून माझे गुडघे गेले ते गेलेच.”

बाक हसले. तोही हसला, चष्मा काढून पुसत.

मुलीने नोंदवहीत लिहिलं: ‘शंकासमाधान झाले.’ चुकीचा उल्लेख तिने केला नाही.

नकोबाला विसरलात तरी चालेल. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मुलीची मात्र आठवण ठेवा.