मंजनराव पडतो तेव्हा

दत्तारामच्या बोटांत जादू होती. पाठीचा कणा तेवढा देव द्यायचा विसरला होता. दादरच्या एका स्टुडिओत तो दंतमंजनाच्या जाहिरातीची हलती चित्रं काढायचा. सिनेमाआधी पडद्यावर मंजनराव यायचा, केळीच्या सालीवरून धपकन पडायचा, कंबर चोळत उठायचा आणि दात दाखवायचा. पब्लिक खूश!

हे पडणं-उठणं मुळात रघूचं. लालबागच्या चाळीतला शेजारी, गिरणी कामगार. चित्र हुबेहूब यावं म्हणून तो पठ्ठ्या गॅलरीत वीसदा पडला, वीसदा उठला. पुढे छप्पनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता. म्हणून त्याची आई, गंगुबाई, मंजनराव बघायला थेटरात जायची. चाल तर लेकाचीच होती ना!

दिवाळीच्या तोंडावर स्टुडिओचे मालक चिंतामणशेठ म्हणाले, "नवी फिल्म हवी. चार दिवसांत."

"शेठ, मिनिटाला सातशे चित्रं लागतात!"

"काढायला कोण सांगतंय? मंजनराव खुर्चीत बसून जुने दिवस आठवतोय, एवढंच नवं काढ. बाकी जुनं कापून जोड. पडणं तीनदा घे. उठण्यात वेळ जातो, ते उडव."

'नाही' ओठांपर्यंत आलं आणि दत्तारामनं ते गिळलं. उठणाऱ्या रघूची पट्टी त्यानं स्वतःच्या हातानं कापून टोपलीत टाकली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आणखी वेगळं काय असतं हो?

रविवारी गंगुबाई धुतलेलं लुगडं नेसून त्याच्या दारात हजर. "दत्ता, नवा चित्र इला ना? चल, माझ्या झिलाक बघूया."

थेटरात मंजनराव पडला. पुन्हा पडला. पुन्हा पडला. लोक पोट धरून हसले, शिट्ट्या वाजल्या. गंगुबाई मात्र खुर्चीच्या कडेला सरकून, हात पुढे करून वाट बघत राहिली. दत्तारामला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

सिनेमा सुरू झाला तसं तिनं हळूच विचारलं, "माझो रघू उठायचो रे. ता खंय गेला?"

"मावशी, ते... रीळ तुटलं असेल."

"मगे पुढच्या खेळाक तरी उठतलो ना?"

टोपली कधीच झाडून नेली होती. आणि तो मेला भित्रा म्हणाला, "हो, मावशी."

"मगे पुढच्या खेळाची तिकिटां काढ," गंगुबाई म्हणाली.